कवच मागून उकललंय की पुढून?

ओहोटीनंतर किनाऱ्यावर अख्खाच्या अख्खा खेकडा पडलेला दिसला की तो मेलेला आहे असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळदा ती नुसती कात, म्हणजे टाकून दिलेलं जुनं कवच, असते. खात्री करून घेणं सोपं आहे. पाठीची ढाल आणि पोटाखाली दुमडलेली शेपटी जिथे भेटतात, त्या मागच्या कडेत हलकेच नख घाला. कात असेल तर ढाल मागून सहज वर उचलली जाते आणि आत मांस नसतं. उजेडात धरली तर डोळ्यांची टोकंसुद्धा आरपार दिसतात. आत नीट बघितलं तर कल्ल्यांची पांढुरकी आवरणं आणि जठराचं अस्तर, त्यातल्या दळणाऱ्या दातांसकट, जागच्या जागी सापडतं. मेलेल्या खेकड्याचं वजन हाताला जाणवतं, सांध्यांतून काळपट पाणी गळतं आणि वास लपत नाही.

समुद्रातल्या संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या, प्राण्यांवर लिहिताना सहसा पायांच्या जोड्या, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आणि शरीराचे खंड यांपासून सुरुवात होते. वर्गीकरणाला ते लागतंच. पण जिवंत प्राणी समोर असताना मला त्याहून उपयोगी वाटतो तो एकच प्रश्न: हा कवचातून बाहेर कसा पडतो, आणि आत्ता त्या चक्रात कुठे आहे? त्याचं खाणं, लपणं, भांडणं, जोडी जमवणं, तुटलेला पाय परत येणं, इतकंच काय, मत्स्यालयात एका रात्रीत मरून पडणं, या सगळ्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

कवच म्हणजे कायटिन (कीटकांच्या कवचातही असणारा चिवट पदार्थ) आणि प्रथिनांचे तंतू. ते थरावर थर रचलेले असतात आणि प्रत्येक थराची दिशा खालच्या थरापेक्षा किंचित वळलेली असते, त्यामुळे तडा सरळ आत जाऊ शकत नाही. खेकडे, शेवंड, कोळंबी यांच्यात या तंतूंमध्ये कॅल्शियम कार्बोनेट भरलं जातं. खेकड्याच्या नांगीत ते भरपूर असतं, कोळंबीच्या पाठीवर बरंच कमी, आणि सांध्यांवरच्या पडद्यात जवळजवळ नाहीच, म्हणून तर सांधा वाकतो. घोड्याच्या नालेसारखी ढाल असलेल्या नाल-खेकड्याचं (हॉर्सशू क्रॅब) कवच मात्र कॅल्शियमशिवायच कडक होतं. तिथे प्रथिनांची आपापसातली रासायनिक बांधणीच सगळा भार पेलते.

एकदा कडक झालेलं कवच वाढत नाही. आतला प्राणी वाढतो. या एका अडचणीतून पुढचं सगळं निघतं.

तयारी बरीच आधी सुरू होते. डोळ्यांच्या देठांत असलेल्या ग्रंथींतून कात रोखून धरणारं संप्रेरक एरवी रक्तात मिसळत असतं. ते कमी झालं की डोक्याच्या भागातल्या वाय-ग्रंथी कात टाकायला लावणारं संप्रेरक सोडतात. मग त्वचा जुन्या कवचापासून सुटते, खाली नव्या कवचाचे बाहेरचे थर तयार होऊ लागतात, जुन्या कवचातलं काही कॅल्शियम परत रक्तात ओढलं जातं आणि ठरावीक रेषांवर जुनं कवच कमजोर होतं. नांगीतले स्नायू आक्रसतात, कारण नांगीतलं सगळं मांस मुळाशी असलेल्या अरुंद सांध्यांतून ओढून काढायचं असतं. शेवटी शेवटी प्राणी खाणंही सोडतो.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि बघावंच. कोळंबीच्या शेपटीच्या पंख्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली ४० ते १०० पट मोठी करा. दोन कातींच्या मधल्या काळात रंगीत त्वचा कवचाला अगदी काठापर्यंत चिकटलेली दिसते. तयारी सुरू झाली की ती काठापासून मागे सरते आणि मध्ये एक स्वच्छ, पारदर्शक पट्टा उरतो. आणखी काही दिवसांनी त्या मागे सरलेल्या त्वचेत नवे केस तयार झालेले दिसतात, म्हणजे आता फार वेळ नाही. पोहणाऱ्या खेकड्यात भिंगाचीही गरज पडत नाही. अटलांटिकमधल्या निळ्या खेकड्याच्या शेवटच्या, वल्ह्यासारख्या चपट्या पायाच्या कडेला आतून नव्या कवचाची रेघ दिसते. रेघ पांढरी असेल तर कातीला साधारण दोन आठवडे आहेत, गुलाबी असेल तर आठवडाभर, लाल झाली की एक ते तीन दिवस. नुकती कात टाकलेल्या मऊ खेकड्यांचा धंदा करणारे याच रेघेवरून खेकडे वेगळे काढतात.

प्रत्यक्ष कात टाकताना खेकडा पाणी पिऊन फुगतो. ढालीची मागची कड वर उचलली जाते, फट रुंदावते आणि तो उलटा, मागे मागे सरत बाहेर येतो. आधी पाठ आणि मागचे पाय सुटतात, नांग्या सगळ्यांत शेवटी. कल्ल्यांवरचं आवरण, जठराचं आणि आतड्याच्या शेवटच्या भागाचं अस्तर, डोळ्यांवरचा पडदा, स्पर्शाचे केस, सगळं एकाच खेपेत टाकलं जातं. बाहेर आल्यावर तो आणखी पाणी ओढून घेतो आणि मऊ कवच ताणून मोठं करतो. निळ्या खेकड्याची रुंदी एका कातीत पाव ते एक तृतीयांश वाढते. त्यानंतर कडक होण्याची घाई असते. पहिले काही तास अंग पूर्ण मऊ, अर्ध्या दिवसात कागदासारखं, दोन-तीन दिवसांत कडक. लागणारं बरंचसं कॅल्शियम कल्ल्यांवाटे थेट समुद्राच्या पाण्यातून येतं; एका लिटर पाण्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असतं. कवच ताणून झाल्यावर आतलं जादा पाणी जाऊन तिथे हळूहळू मांस भरतं. म्हणूनच नुकताच कडक झालेला खेकडा आकाराने मोठा पण हाताला हलका लागतो.

समुद्रातले संधिपाद जमिनीवरच्यांपेक्षा इतके मोठे का होऊ शकतात, याचं एक कारण इथे आहे. मऊ अंगाच्या वेळी पाणी त्यांना पेलून धरतं. जपानजवळच्या कोळी-खेकड्याच्या पसरलेल्या पायांची लांबी ३.५ मीटरच्या पुढे जाते. इतका मोठा प्राणी मऊ अवस्थेत हवेत आपल्याच वजनाखाली चेपला जाईल.

तोल सांभाळण्याचं इंद्रियही या काळात रिकामं होतं. कोळंबीच्या छोट्या शृंगिकेच्या बुडाशी एक पोकळी असते, तिच्यात वाळूचे कण असतात आणि ते ज्या केसांवर टेकतात त्यावरून वर-खाली कळतं. कातीबरोबर ते कण जातात, मग कोळंबी नवे कण उचलून आत भरते. १८९३ मध्ये आलोइस क्राइडल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने कात टाकलेल्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. त्यांनी तोच भरून घेतला. नंतर वरून लोहचुंबक धरल्यावर त्या पोट वर करून पोहू लागल्या. इतक्या साध्या साधनांनी इतकं स्पष्ट उत्तर देणारे प्रयोग फार थोडे आहेत.

आता इतरांची कात बघा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. कोळंबी आणि शेवंड यांच्यात ढाल आणि शेपटीकडचा भाग यांच्या मधला पडदा फाटतो. शेवंड कुशीवर पडून त्या फटीतून स्वतःला बाहेर काढतो, कोळंबी एका झटक्यात उडी मारून मोकळी होते. समुद्री आयसोपॉड (खेकड्यांच्या नात्यातले, चपट्या अंगाचे छोटे प्राणी) दोन हप्त्यांत कात टाकतात: आधी मागचा अर्धा भाग, काही तासांनी किंवा दिवसांनी पुढचा. पुढचा भाग फिकट आणि मागचा ताज्या रंगाचा असा दुरंगी आयसोपॉड दिसला तर तो आजारी नाही, कातीच्या मध्यावर आहे. नाल-खेकड्याचं कवच पुढच्या गोल कडेवर उकलतं आणि तो सरळ पुढे चालत बाहेर येतो. तेव्हा किनाऱ्यावर नाल-खेकड्याचं रिकामं कवच मिळालं तर मागे नव्हे, पुढच्या काठावर फट शोधा.

नाल-खेकडा नावापुरताच खेकडा. त्याला शृंगिका नाहीत, तोंडापुढे चिमट्यांची छोटी जोडी आहे आणि जवळचे नातलग आहेत विंचू आणि कोळी. आज त्याच्या फक्त ४ जाती उरल्या आहेत. वयात यायला सुमारे १० वर्षं आणि १६ ते १८ काती लागतात, त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला फार काळ जातो. वाळूत उलटा पडलेला दिसला तर शेपटीला धरून उचलू नका. शेपटीच्या सांध्याला इजा झाली तर पुढच्या वेळी त्याला स्वतःहून सुलटं होता येणार नाही. ढालीच्या दोन्ही बाजू धरा आणि पालटा. त्याच्या निळ्या रक्तातल्या पेशी जिवाणूंच्या विषाभोवती गोठतात हे फ्रेडरिक बँगने १९५६ मध्ये मांडलं. त्यावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत १९७७ मध्ये मान्यता मिळाली आणि इंजेक्शनची औषधं त्या कसोटीला लावली जाऊ लागली. हेच काम करणारा घटक आता नाल-खेकड्याला हात न लावता प्रयोगशाळेत तयार करता येतो. त्याचा वापर जितक्या लवकर सगळीकडे रुळेल तितकं बरं.

बार्नेकल हा सगळ्यांत चकवणारा प्राणी. खडकावर घट्ट बसलेली ती पांढरी, चुनखडी शंकूसारखी कवचं बघून ती शिंपल्यांच्या गोतावळ्यातली समजली जात. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्यांची पिल्लं पोहताना पाहिली आणि हे खेकडे-कोळंबीच्या गटातले कवचधारी संधिपाद आहेत हे दाखवून दिलं. पुढे चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं त्यांच्यावर घालवली. बार्नेकल डोक्यावर उभा असतो आणि पायांनी अन्न ओढतो. पायांच्या ६ जोड्या, प्रत्येक पाय दुभागलेला, केसाळ. बाहेरच्या भिंतीचे चुन्याचे तुकडे तो कधीच टाकत नाही, ते कडेकडेने वाढत राहतात. आतल्या अंगावरचं आणि पायांवरचं आवरण मात्र नेमाने टाकतो. भरतीच्या पाण्यात तरंगणारी, पिसासारखी, अगदी बारीक पारदर्शक कात सापडली तर ती बहुधा त्याचीच.

बार्नेकल जिवंत बघायचा असेल तर खडकावरून खरवडू नका, तळ फुटला की तो मरतो. बार्नेकल असलेला सुटा दगड किंवा शिंपला घ्या, उथळ भांड्यात ताज्या समुद्राच्या पाण्यात ठेवा आणि हलवू नका. काही मिनिटांत वरची झडप उघडते आणि पायांचा पंखा आत-बाहेर होऊ लागतो. हाताची सावली वरून सरकवा, पंखा लगेच आत जातो. पाणी कोमट झालं तर हालचाल मंदावते, तेव्हा भांडं उन्हात ठेवू नका आणि दगड जिथून घेतला तिथेच, त्याच बाजूने परत ठेवा.

समुद्री कोळी (सी स्पायडर) या लांब पायांच्या संधिपादांबद्दल थोडक्यात. सुमारे १३०० जाती, धड इतकं बारीक की आतड्याच्या शाखा पायांत उतरतात, कल्ले नाहीत आणि श्वास कवचातूनच. पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंडी नर वाहतो. कीटकांनी मात्र खुल्या समुद्रात जवळजवळ पाऊलच टाकलेलं नाही. पृष्ठभागावर धावणाऱ्या हॅलोबेटीस या कीटकाच्या ५ जाती तेवढ्या तिथे आयुष्य काढतात.

मऊ काळ हा धोक्याचा, तसाच जोडी जमण्याचाही. अनेक पोहणाऱ्या खेकड्यांत मादी कात टाकण्याआधी नर तिला पोटाखाली धरून फिरतो, कात पडल्यावर मिलन होतं आणि तिचं कवच कडक होईपर्यंत तो तिची राखण करतो. नर-मादी ओळखायला खेकड्याचं पोट बघा: दुमडलेली शेपटी नरात अरुंद, वयात आलेल्या मादीत रुंद आणि गोलसर. तिच्याखाली अंड्यांचा पुंजका असेल तर रंगावरून वेळ कळते. ताजी अंडी पिवळी-केशरी असतात, आतला बलक संपत जातो आणि पिल्लांचे डोळे दिसू लागतात तसा पुंजका तपकिरी आणि मग काळपट होतो. असा खेकडा हातात आला तर जिथल्या तिथे सोडून द्या.

हातोड्यासारख्या पायाने शिकार फोडणाऱ्या मँटिस श्रिंप या कोळंबीसारख्या प्राण्याचं वागणं तर मला विशेष वाटतं. त्याचा हातोडा पाण्यात सेकंदाला २३ मीटरपर्यंत वेग गाठतो, इतका की पाण्यात पोकळीचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना शिकारीला दुसरा तडाखा बसतो. कात टाकल्यावर तो हातोडा मऊ असतो, मारता येत नाही. तरीही बिळाच्या तोंडाशी दुसरा आला तर हात पसरून धमकी देणं तो पुष्कळदा सोडत नाही, आणि समोरचा बऱ्याचदा माघार घेतो.

तुटलेल्या पायाचा हिशेबही कातीशीच बांधलेला. खेकड्याचा पाय सहसा वाटेल तिथे तुटत नाही. बुडाजवळ एक ठरलेली रेघ असते, तिथे स्नायू आवळून तो स्वतःच पाय सोडतो आणि आतला पडदा लगेच रक्त थांबवतो. म्हणून पायाला धरून कधी उचलू नये, पाय तुमच्या हातात राहील. मागून, ढालीच्या मागच्या कडेवर अंगठा खाली आणि बोट वर असं धरा. तुटल्या जागी दुमडलेला छोटा कोंब येतो आणि पुढच्या कातीत उलगडतो. पहिल्यांदा तो लहानच असतो, पूर्ण मापाला यायला सहसा दोन-तीन काती जातात. अर्धवट तुटून रक्त वाहत राहणारा पाय मात्र जीव घेऊ शकतो.

कात हातात असेल तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. कोळंबीच्या डोळ्याचं आवरण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर त्यावरचे पैलू चौकोनी दिसतात, खेकड्याच्या डोळ्याचे सहसा षटकोनी. कोळंबी आणि शेवंड यांच्या डोळ्यांत चौकोनी नळ्यांच्या भिंती आरशांचं काम करतात आणि अंधुक उजेड एका जागी गोळा होतो. काही क्ष-किरण दुर्बिणींत हीच रचना वापरतात. जानेवारी २०२४ मध्ये चीनने सोडलेल्या आइनस्टाइन प्रोब उपग्रहावर ती आहे.

आता पाळणाऱ्यांसाठी, कारण सगळ्यांत जास्त जीव इथे जातात. कात अडकून मरणं हे एक नेहमीचं दृश्य: ढाल उघडलेली, अंग अर्धं बाहेर, नांग्या आत. कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. पाण्यात ऑक्सिजन कमी, क्षारता अचानक बदललेली, किंवा आहार निकृष्ट. शेवंडाच्या पिल्लांत लेसिथिन (एक स्निग्ध पदार्थ) नसलेल्या खाद्यावर नेमकं असंच अडकून मरणं नोंदवलं गेलं आहे. अडकलेल्याला चिमट्याने ओढू नका; नवं अंग फाटतं आणि उरलीसुरली आशाही जाते. हवेचा पुरवठा वाढवा, दिवे मंद करा आणि टाकीतल्या बाकीच्यांना त्याच्यापासून दूर ठेवा. सोबत्यांनी मऊ प्राणी खाणं हे दुसरं मोठं कारण आहे, म्हणून प्रत्येक प्राण्यामागे किमान एक, त्याला पूर्ण आत जाता येईल अशी कपार हवी. टाकलेली कात लगेच काढू नका, पुष्कळ जण ती खाऊन त्यातलं कॅल्शियम परत मिळवतात.

पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही स्थिर. नवा प्राणी टाकीत सोडताना त्याच्या पाण्यात बारीक नळीने टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने तास-दोन तास सोडत राहा. यांच्यातल्या बहुतेकांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं, त्यामुळे क्षारता एकदम उतरली की पाणी अंगात शिरतं. प्रवासात मोठा खेकडा बादलीभर साचलेल्या पाण्यात ठेवू नका. त्या पाण्यातला ऑक्सिजन तो थोड्याच वेळात संपवतो आणि गुदमरतो. ओल्या गोणपाटात, सावलीत, कल्ले ओले राहतील असा ठेवला तर बराच जास्त वेळ तग धरतो.

प्रजननासाठी कोळंबीच्या मादीच्या एका डोळ्याचा देठ कापण्याची पद्धत अजूनही चालते. देठ गेला की अंडी पिकणं रोखणारं संप्रेरक कमी होतं. पानूझ या फ्रेंच संशोधकाने हे १९४३ मध्ये दाखवलं होतं. त्याच देठात कात रोखणारं संप्रेरकही असतं, त्यामुळे काती घाईने पडतात आणि मादी लवकर झिजते. चांगला आहार, मंद प्रकाश आणि नीट निवडलेला जनकसाठा (प्रजननासाठी राखलेले नर-मादी) यांवर न कापता काम होऊ शकतं आणि तेच करायला हवं.

राहिलं तांबं. यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, ऑक्सिजन धरला की निळं होतं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं कल्ल्यांवाटे आत शिरून त्यांना मारतं. माशांच्या परजीवींवर लिटरमागे ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम तांबं देतात. त्या पाण्यात कोळंबी आणि खेकडे टिकत नाहीत. औषध द्यायचंच असेल तर मासे वेगळ्या टाकीत हलवून तिथे द्या. ज्या टाकीत पूर्वी तांबं वापरलं आहे तिथले खडक आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात, तेव्हा नुसतं पाणी बदलून भागत नाही. खडक, वाळू दोन्ही नवे घ्या आणि तांब्याच्या चाचणीत शून्य येईपर्यंत एकही कवचधारी आत सोडू नका.